चहापाण्याच्या दहा रुपयांत सरांनी घेतलेली बकरी

थांबा. आंघोळ राहू दे, बॅग दारातच राहू दे, "ओढणीला हा कसला वास येतोय गं?" या आईच्या प्रश्नाचं उत्तरही राहू दे. हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. कारण संध्याकाळपर्यंत आमचा अख्खा वर्ग आपापल्या गोष्टी टाकायला लागेल आणि प्रत्येकाच्या गोष्टीत बकरी त्यानेच विकलेली असेल. बकरी मी विकली. मी. हे एकदा लिहून ठेवते, मग पुढचं.

मी श्रुती, चिंचवडची, बीबीएचं शेवटचं वर्ष. दोन्ही कानांना मशीन. हो, नाव श्रुतीच. हसून घ्या, मी थांबते. बारशाला नाव ठेवलं, कानांचं कळलं खूप नंतर, तोवर आजोळच्या चांदीच्या वाटीवर नाव कोरून झालं होतं. वाटी बदलणं महाग पडलं असतं.

मशीन लावलं की मला आवाज येतो, पण आवाज येणं वेगळं आणि कळणं वेगळं. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. ओठांवरून निम्मं कळतं, बाकी निम्मं मी ठोकून देते आणि बऱ्याचदा बरोबर निघतं. सगळे विचारतात, तुला ती हातांची भाषा येते का? नाही येत. मी तोंडं बघत वाढलेय. पुण्यातल्या माणसांचे दात मला त्यांच्या डेंटिस्टपेक्षा जास्त माहीत आहेत.

आता टिपरे सर. ते आम्हाला ग्रामीण मार्केटिंग आणि बिझनेस लॉ शिकवतात, म्हणजे फळ्याला शिकवतात, आम्ही मागे बसलेले असतो. माणूस चांगला आहे, पण माझ्याशी बोलायचं म्हटलं की तोंडाचा एवढा मोठ्ठा आ करून एकेक अक्षर सोडतात की मला त्यांच्या दाढेतली चांदी दिसते, शब्द दिसत नाही.

तर या सरांनी आमची सहल काढली बुलढाणा जिल्ह्यात. सहल नाही म्हणायचं, "फील्डवर्क" म्हणायचं, नाहीतर पालक पैसे देत नाहीत. काम एकच: धाडच्या आठवडी बाजारात प्रत्येकाने स्वतः एक सौदा करायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते बघून सर उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या दोन याद्या करणार. एक फील्डची, म्हणजे विक्री, फिरणं, माणसं. दुसरी ऑफिसची, म्हणजे एसी आणि एक्सेल.

मला फील्ड पाहिजे होतं. इतकं की मी घरी आरशासमोर सराव करून आईला तिचाच मिक्सर विकून बघितला होता. आणि निघायच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "श्रु-ती, तू रि-पोर्ट टाईप कर. तुझं टायपिंग फास्ट आहे. उगाच बाजारात तुला त्रास नको."

टायपिंग फास्ट आहेच, बघताय ना. पण तीन वर्षं हेच. ग्रुप प्रोजेक्ट? श्रुती पीपीटी करेल. पथनाट्य? श्रुती बॅनर करेल. एकदा तर मीटिंगचे मुद्दे लिहायला मलाच बसवलं. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला मीटिंगचे मुद्दे लिहायला देणारं आमचं कॉलेज मॅनेजमेंट शिकवतं, नोंद घ्या.

मी म्हटलं, "सर, मला सौदा करायचाय."

सर म्हणाले, "बघू."

"बघू" कळायला ओठ लागत नाहीत. ते म्हणताना माणूस हमखास दुसरीकडे बघतो.

देऊळघाट

प्रवासाचं काही सांगत नाही, बसमध्ये सगळे ओकले, संपलं. सर आणि मुलं बुलढाण्यात लॉजवर उतरले, आम्ही मुली देऊळघाटला प्रज्ञाच्या घरी. प्रज्ञा माझ्या बाकावर बसते. फर्स्ट इयरला ती एकदाच वर्गात "मले" म्हणाली होती, तर अख्खी सेमिस्टर पोरं तिला "मले मॅडम" म्हणत होती. तेव्हापासून ती अशी घासूनपुसून पुणेरी बोलते की सदाशिव पेठेने हात जोडावेत.

आणि ही प्रज्ञा बसमधून गल्लीत उतरली आणि ओरडली, "आई व! कुठी हायेस? मले भूक लागली न!"

मी बघतच राहिले. तीन वर्षं मी हिचे ओठ वाचतेय, पण असं मोकळं तोंड उघडलेलं पहिल्यांदा बघितलं. हिला पुण्यात जबडा आवळून बोलावं लागतं हे मला तिथे कळलं.

"काऊन बघून राह्यली बे अशी?" ती मला म्हणाली. तिथून परत येईपर्यंत ती माझ्याशी पुणेरी बोललीच नाही.

हवा मस्त गार. बुलढाणा घाटावर आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विदर्भ म्हणून सुती कपडे घेऊन गेले होते आणि संध्याकाळी काकूंच्या शालीत गुंडाळून बसले. जेवायला कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळून घालतात, सोबत ठेचा, कच्चं तेल, वांग्याची भाजी. ठेचा एवढा जहाल की माझी मशिनं वितळतील असं वाटलं.

आमच्याकडे वाढताना विचारतात, "वाढू का?" इथेही विचारतात, पण ताटात पडल्यावर. आणि माझी एक घाण सवय आहे, प्रश्न कळला नाही की मी हसून मान डोलावते. काकू काहीतरी बोलायच्या, मी मान डोलावायचे, भाकरी पडायची. शेवटी प्रज्ञा म्हणाली, "आई, थांब व! ती फुटन!"

खरा घोळ झाला प्रज्ञाच्या बाबांशी. ते ओट्यावर बसून माझ्याशी भरपूर बोलले, प्रेमाने बोलले, पण गालात खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचा ऐवज, तो तोंडात असला की ओठ उघडायचे नसतात, नाहीतर सांडतो. त्यामुळे इथला बाप्या बोलतो नाकातून आणि भुवयांनी. वर मिशी. मी फोनवरचं बोललेलं लिहून दाखवणारं ॲप काढलं. ॲपनेही हात टेकले. तेवढ्यात शेजारची बकरी ओरडली, तर ॲपने लिहिलं: "संगीत".

झोपताना मी प्रज्ञाला म्हटलं, "उद्या बाजारात सगळी तोंडं खर्ऱ्याने बंद असणार. सर मला टायपिंगलाच बसवणार."

"पाहू न," ती म्हणाली. माझ्याकडे बघत म्हणाली, म्हणून बरं वाटलं.

धाडचा बाजार

सकाळी गाडीने धाड. रस्त्याला दोन्ही बाजूंनी तुरी, मधेच हरभरा, मागे डोंगराची निळी कड. बाजाराच्या अलीकडेच मिरचीचा वास नाकात घुसला आणि अख्खी गाडी शिंकायला लागली. उतरले आणि माझ्या मशीनमध्ये जे काय शिरलं! भोंगे, जीपचे हॉर्न, कोंबड्या, "घ्या वो घ्या वो", सगळं एकाच पातळीवर, डोक्यात कुणीतरी भांड्यांचं कपाट पाडल्यासारखं. मी दोन्ही मशिनं बंद केली. एकदम शांत. बाजार तोच, पण मुका. काय सुंदर दिसतो माहितीये?

प्रज्ञाच्या बाबांनी आम्हाला बकऱ्यांच्या बाजारात गजाननभाऊंकडे नेलं. (या जिल्ह्यात "गजाननभाऊ" म्हणून हाक मारायची नाही, अर्धा बाजार वळून बघतो.) हे गजाननभाऊ म्हणजे बकऱ्यांचे व्यापारी, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, गालात अर्थातच खर्रा.

पुढचं जे मला दिसत नव्हतं ते प्रज्ञा शेजारी उभी राहून ओठांनी सांगत होती. इथे बकरीचा भाव तोंडाने करत नाहीत. घेणारा आणि विकणारा दोघं दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं धरून भाव बोलतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पंजा म्हणजे पाच, आधी हजार आणि मग तशीच बोटं धरून शंभर. वरून तोंडाने मात्र वाट्टेल ते, "काय बकरी हाये का उंदीर", "तुह्या बापानं पाह्यली होती का अशी बकरी". ते सगळं खोटं. खरं बोलणं खाली चाललेलं. भोवतीच्यांना भाव कळू द्यायचा नाही, म्हणजे पुढच्या गिऱ्हाईकाला "त्याला तर एवढ्यात दिली" म्हणता येत नाही.

टिपरे सर खूश. आमच्याकडे पाठ करून बकऱ्यांना समजावून सांगायला लागले. मग म्हणाले, मी करून दाखवतो. गेला हात दुपट्ट्याखाली. गजाननभाऊंनी काहीतरी बोटं धरली, सर मान डोलावून म्हणाले, "हां, हां, समजलं, समजलं." माझीच सवय! कळलं नाही की मान डोलवा. मग हात बाहेर काढून सरांनी मोठ्या मनाने खिशातून दहाची नोट काढली आणि गजाननभाऊंच्या हातात ठेवली. "चहापाणी घ्या."

गजाननभाऊंनी नोट कपाळाला लावली, खिशात घातली आणि बकरीचं दावं सरांच्या हातात दिलं. सरांना वाटलं फोटोसाठी. त्यांनी पोझ दिली. फोटो आहे माझ्याकडे.

"चला, थँक यू," म्हणून सर दावं परत द्यायला लागले, तर गजाननभाऊंनी खर्रा थुंकला. खर्रा थुंकला म्हणजे मामला गंभीर.

"वापस काऊन देता सर? इसार देला न तुमी."

इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण, आगाऊ रक्कम. दहा रुपये दिले तरी चालतात.

"अहो, ते चहाला! मी शिकत होतो!"

"शिकाले दुपट्ट्याखाली हात घालते का कोनी? हो म्हनलं तुमी. दोनदा म्हनलं."

आणि प्रज्ञा, माझी बाई, तिथल्या तिथे म्हणाली, "सर, तुमीच शिकवलं न? ऑफर, ॲक्सेप्टन्स, कन्सिडरेशन. कन्सिडरेशन म्हनजे मोबदला, तो कितीबी लहान असला तरी चालते."

वर्ग कोसळला. पण सौदा मोडता येईना. प्रज्ञाच्या बाबांच्या ओळखीने आम्ही तिथे उभे होतो, त्यांच्या पाव्हण्यांनी शब्द फिरवला असं झालं असतं तर त्यांनी दर आठवड्याला या बाजारात कुठल्या तोंडाने यायचं? बिचाऱ्यांच्या भुवया खाली आल्या होत्या. सरांनी पैसे भरले. भरताना जे तोंड झालं ते मला न चुकता वाचता आलं, इथे लिहीत नाही.

आता आमच्याकडे एक बकरी. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "सीट नवे हायेत सर. बकरी बसली तं मी उतरलो." म्हणजे गाडी निघायच्या आत बकरी विकायलाच हवी. पोरांनी तिचं नाव "कन्सिडरेशन" ठेवलं. तिने सरांची छापील प्रश्नावली खाल्ली, आमच्या सर्वेक्षणाला मिळालेला तो एकमेव प्रतिसाद.

सर स्वतः उभे राहिले विकायला. दोन हात तोंडाशी धरून ओरडले, "फिक्स्ड प्राइस! एकच भाव!" आणि भाव सांगितला. जोरात. सगळ्यांसमोर. अख्खा बाजार हसला. प्रज्ञाने मला सांगितलं लोक काय म्हणत होते: "भाव बोंबलून सांगून राह्यला, बकरीत खोट असन." एक माणूस जवळ येईना. पोरांनी फोटो काढून ऑनलाइन टाकला, "होम डिलिव्हरी फ्री". तोही कोणी घेतला नाही.

मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. "सर, मी विकते."

"श्रु-ती, इथे ब-हिऱ्या मा-णसाला..." आणि थांबले. म्हणजे त्यांच्याच लक्षात आलं. भोवती सगळे सौदे मुक्याने चालले होते आणि ऐकू येणारे आमचे सगळे वीर बकरी धरून उभे होते.

"बघू" म्हणाले नाहीत. दावं दिलं.

प्रज्ञाने मला ओढणीखाली हात घालून शिकवलं. लहानपणी ती बाबांबरोबर हा खेळ खेळायची. "दाबली म्हनजे हो. ढिली सोडली म्हनजे नाही. अन् तोंडाकडे पाहू नको कोनाच्या, तोंड खोटं बोलते."

तोंडाकडे बघू नको! मला! मी जन्मभर दुसरं केलंय काय?

पहिलं गिऱ्हाईक आलं, दात बघितले, पाठ दाबली, मग माझ्याकडे बघून प्रज्ञाला विचारलं, "हिचा भाऊ नाही का कोनी संग?" पोरीचा हात धरायला तो तयार नव्हता. दुसराही तसाच गेला. मी कानांवरून नाही म्हणतील याची तयारी करून उभी होते, आणि हे मुलगी म्हणून नाही म्हणत होते. खरं सांगू? चेंज वाटला. पण गाडीचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता आणि सर ऑफिसची यादी डोक्यात लिहीत होते, हे मला लांबून दिसत होतं.

मग आल्या सुभद्रामावशी. हिरवं लुगडं, हातात पिशवी, तोंडात खर्रा नाही, ओठांवर मिशी नाही! जिल्ह्यातलं पहिलं वाचता येणारं तोंड! त्यांच्यासोबत त्यांचा दीर आला होता, सौदा नेहमी तोच करतो म्हणे, पण तो चहाला गेला तो गेलाच. मावशींनी बकरीचं तोंड उघडलं, कास बघितली, आणि अशा नजरेने माझ्याकडे बघितलं की जणू बकरीने त्यांचा अपमान केलाय.

"कानात काय व ते? गाने ऐकून राह्यली का?"

"मशीन आहे मावशी. मला कमी ऐकू येतं."

"बरं हाये," मावशी म्हणाल्या. "या बजारात ऐकन्यासारखं हाये तरी काय?"

आणि त्यांनी पदर पुढे केला.

मी हात घातला. खडबडीत, गरम हात. एक बोट धरलं, सोडलं, दुसरं धरलं. मी ढिलं सोडलं. वरून मावशींचं तोंड चालूच, "मरतुकडी हाये, उद्याच मरन, चारा खाते का बिस्किट?" आणि मी तोंडाकडे बघितलं नाही. समोरच्या लिंबाकडे बघत होते, फांदीवर कावळा बसला होता, त्याच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडाकडे न बघता कुणाशी तरी बोलत होते, आणि एकही गोष्ट ठोकून देत नव्हते. सगळं कळत होतं. मावशींना बकरी पाहिजेच आहे हेही कळत होतं, कारण नाही म्हणताना त्यांचा अंगठा माझं मनगट सोडत नव्हता.

मी धरलं. त्यांनी सोडलं. त्यांनी धरलं, मी सोडलं. मग त्यांनी माझं एक बोट वाढवलं आणि मी दाबलं. त्यांनीही दाबलं. पदर बाजूला झाला.

दीर आला धावत. "वहिनी! कितीले घेतली?"

"तुले काऊन सांगू?" मावशी म्हणाल्या, आणि मला डोळा मारला. लुगड्याच्या ओच्यातून पुरचुंडी काढली, पैसे दिले, दावं घेतलं. कन्सिडरेशनने जाताना मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, मिठाला जागली नाही.

धाड ते बुलढाणा, गाडीत

सगळे गाडीत. मी मशीन चालू केलं आणि एकच गलका, "कितीला? कितीला?" सर पुढच्या सीटवरून उठून माझ्याजवळ आले. माझ्याकडे तोंड करून, नेहमीसारखं, आ न करता म्हणाले, "श्रुती, कितीला गेली?"

मी घडी केलेले पैसे त्यांच्या हातात दिले. "मोजा, पण कोणाला सांगू नका सर. बाजाराचा नियम आहे."

सरांनी खिडकीकडे वळून मोजले. वळले तेव्हा मिशीखाली काहीतरी झालं होतं. फायदा का तोटा, ते तुम्हालाही सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

"छान," सर म्हणाले. "रिपोर्टमध्ये हे नीट..."

मी पर्समधून दहाची नोट काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. सवयीने माणूस जसं घेतो तसं त्यांनी ती घेतली, मुठीत धरली, आणि मग विचारलं, "हे काय?"

"इसार, सर. फील्डच्या यादीत माझं नाव. आणि रिपोर्ट सगळ्यांनी मिळून टाईप करायचा."

तेवढ्यात मागून प्रज्ञा सीटवर उभी राहून, पुणेरी-बिणेरी सगळं खिडकीबाहेर फेकून, अख्ख्या वर्गासमोर ओरडली, "घेतली बे सरनं! नोट घेतली! झाला सौदा!"

एकही पोरगं तिला "मले मॅडम" म्हणालं नाही. सगळे तिच्याच भाषेत ओरडायला लागले, "झाला सौदा, झाला सौदा!" मला ते मशीनशिवायही कळलं असतं. सर नोटेकडे बघत उभे. मग त्यांनी ती कपाळाला लावली आणि खिशात घातली.

आता तुम्ही सांगा. तुम्हालाही कधी कुणी "त्रास नको" म्हणून कोपऱ्यात टायपिंगला बसवलंय का? आणि तुम्ही काय केलंत, मान डोलावलीत की दावं हातात घेतलंत? खाली लिहा, सगळ्यांना उत्तर देईन. माझं टायपिंग फास्ट आहे.